चुकू देणारं विमान

आमच्या संग्रहालयाच्या हँगरमध्ये शिरलं की माणसं सरळ लढाऊ विमानांकडे चालू लागतात. टोकदार नाकं, पंखाखाली टांगलेली क्षेपणास्त्रं. फोटो निघतात ते तिथंच. भिंतीला लागून उभ्या असलेल्या विंजीलपाशी फारसं कुणी रेंगाळत नाही. त्यात कुणाचा दोष नाही, कारण विंजील दिसायला अगदी साधं आहे. चाकं पोटात न जाणारी, शेपटीखाली एक छोटं चाक, त्यामुळे उभं असताना नाक वर आणि शेपूट खाली. पुढं नऊ सिलिंडरांचं गोल इंजिन. कॉकपिटमध्ये शेजारी शेजारी दोन जागा, मागं तिसरी. बंदूक नाही. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलातली तरुण मुलं १९५५ पासून १९७५ पर्यंत ज्या विमानात उडायला शिकली, ते हे विमान. निवृत्तीनंतर मुलाकडे मेलबर्नला आलो आणि काही दिवसांतच ते माझ्या हाती आलं. तेव्हापासून दर आठवड्याला एक दिवस मी त्याच्याजवळ असतो. तीसेक वर्षं विमानांच्याच कारखान्यात काढूनही जे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ते मला या विमानानं दाखवलं. म्हणून लिहायला बसलो.

माझी सगळी नोकरी नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये झाली. अप्रेंटिस म्हणून लागलो तो पत्र्याच्या कामाला, आणि शेवटपर्यंत पत्रा सोडला नाही. मिगच्या सांगाड्यावर पत्रा बसवायचा, भोकं पाडायची, रिव्हेट मारायचे. रिव्हेट मारायला दोघं लागतात. एक बाहेरून गन धरतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा दाबून धरतो. आतला माणूस बाहेरच्याला दिसत नाही, म्हणून दोघांचं बोलणं टकटकीत चालतं. एक टक म्हणजे पुन्हा मार, दोन टक म्हणजे झालं. ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं रिव्हेट मारले, त्याचा स्वभाव त्याच्या टकटकीवरून कळायचा.

त्या कामात चुकीला जागा नव्हती. भोक पत्र्याच्या कडेला जास्त जवळ गेलं, रिव्हेटचं डोकं तिरकं बसलं, पत्र्यावर गनचा चंद्रकोरीसारखा ओरखडा उठला, की तपासनीस लाल पेन्सिलीनं खूण करून जायचा. ती लाल खूण सगळ्या शॉपला दिसायची. ते बरोबरच होतं, कारण त्या पंखावर कुणाचा तरी मुलगा विसंबून असतो हे आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितलेलं. त्यामुळे चूक म्हणजे शोधून काढायची, नाहीशी करायची आणि पुन्हा होऊ द्यायची नाही अशी गोष्ट, हे माझ्या हाडीमांसी खिळलेलं होतं.

मी संग्रहालयात आलो तेव्हा इथल्या वर्कशॉपचे प्रमुख ऐंशीच्या घरात होते. तरुणपणी हवाई दलात इंजिन फिटर होते, नंतर शेती केली. ते मला पहिल्या नावानं हाक मारायचे, तसंच मी त्यांना मारावी असं म्हणायचे. मला ते कधी जमलं नाही. त्यांनी सुरुवातीला मला ड्रिल दिलं नाही. एक टॉर्च, एक आरसा आणि एक वही दिली. विमानाच्या खाली झोपायचं, एकेक पत्रा बघायचा आणि जे दिसेल ते लिहायचं. किती आठवडे मी नुसतं लिहीत होतो. कारखान्यात विमान आमच्याकडे कोरं यायचं. त्याचं पुढं काय होतं ते आम्ही बघत नसू. इथं उलटं. एका विमानाचं सगळं आयुष्य उताणं पडून वाचायचं होतं.

वाचता वाचता डाव्या पंखाच्या खालच्या अंगाला एक ठिगळ सापडलं. तळहाताएवढा पत्रा वरून बसवलेला, कोपरे गोल केलेले, पण रिव्हेटांची रांग डुगडुगती. दोन रिव्हेट तर सरळसरळ वाकडे. ओझरला असं काम पुढच्या माणसाकडे गेलंच नसतं. मी प्रमुखांना म्हटलं, हे काढून नीट बसवून देतो, दोन दिवसांचं काम आहे. ते माझ्या शेजारी जमिनीवर आडवे झाले, टॉर्च धरून बराच वेळ बघत राहिले आणि मला विचारू लागले. हे कुणी मारलं असेल? आत ठोकळा धरायला हात पोचत असेल का? कोपरे गोल का केले? मी उत्तरं देत गेलो. आत हात पोचायला त्या जागी एकच वाट आहे, तीही कोपरापर्यंत. ठोकळा धरणाऱ्याला काही दिसत नसणार. कोपरे गोल केले, कारण चौकोनी कोपऱ्यातून पत्र्याला चीर जाते हे त्या माणसाला माहीत होतं. म्हणजे काम अडाण्याचं नव्हतं. जाणत्या माणसानं, अवघड जागी, बहुधा घाईत केलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी कुणाला तरी त्याच विमानात बसायचं होतं. प्रमुख म्हणाले, कारखान्यातला पत्रा आम्ही पुन्हा बनवू शकतो, त्याचे नकाशे आहेत. या ठिगळाचा नकाशा नाही.

ते ठिगळ अजून तिथंच आहे. आम्ही त्याच्या कडांची साफसफाई केली, गंज पुढं सरकू नये म्हणून मेणासारखं संरक्षक द्रव्य लावलं आणि वहीत त्याचं चित्र काढलं. जुन्या वस्तू जपणाऱ्यांचे दोन नियम मी त्या दिवशी शिकलो. जे उलटवता येणार नाही ते करायचं नाही. आणि जो नवा भाग बसवावाच लागेल, त्याच्या आतल्या अंगाला तारीख कोरायची, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होत नाही.

उभ्या विमानाला उडत्या विमानापेक्षा कमी देखभाल लागते असं लोकांना वाटतं, पण ते खरं नाही. विमान उडतं तेव्हा त्याच्या अंगातलं तेल फिरतं, ओल जाते, माणसाचे हात रोज लागतात. उभं राहिलं की ते हळूहळू बसत जातं. मेलबर्न उपसागराच्या काठी आहे. खारी हवा हँगरच्या दारातून येते. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पोलादी बोल्ट जिथं एकमेकांना टेकतात, तिथं आधी पांढरी भुकटी दिसते, मग रंगाला फोड येतो, आणि तो फोड दुर्लक्षित राहिला तर आतला पत्रा पापुद्र्यापापुद्र्यानं सुटतो. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, म्हणून वजन जॅकवर घ्यायचं. कॅनोपीची पारदर्शक काच उन्हानं पिवळी पडते, तिला सुती कापडाचं पांघरूण.

इंजिनाचं वेगळंच. विंजीलला प्रॅट अँड व्हिटनीचं वास्प ज्युनियर आहे, सुमारे साडेचारशे अश्वशक्तीचं. नऊ सिलिंडर गोलात मांडलेले, त्यामुळे काहींची तोंडं वर आणि काहींची खाली. इंजिन बंद असताना तेल झिरपत खालच्या सिलिंडरांत जमतं. तेल दाबलं जात नाही. तशा अवस्थेत इंजिन सुरू केलं तर पिस्टनचा दांडा वाकतो. म्हणून अशी इंजिनं असलेल्या विमानांचा पंखा सुरू करण्याआधी हातानं फिरवून बघतात. आमचं विंजील आता सुरू करत नाहीत. तरी खालच्या सिलिंडरांचे प्लग काढून तिथं ओल शोषून घेणारे प्लग बसवलेत, आणि त्यांचा रंग बदलला की ते बदलायचे. इंजिनाखालच्या तेलाच्या ट्रेकडे बघून पाहुणे विचारतात, गळतंय का? मी सांगतो, हो, आणि ज्या दिवशी गळायचं थांबेल त्या दिवशी मला काळजी वाटेल.

घड्याळांच्या तबकड्यांना आम्ही हात लावत नाही. त्या काळच्या कितीतरी विमानांत अंधारात चमकणाऱ्या आकड्यांना रेडियमचा रंग असे. चमक केव्हाच गेली, कारण रंगातला चमकणारा पदार्थ झिजला. रेडियम मात्र निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं घेतं. किरणोत्सर्गाचा मीटर धरून मोजल्याशिवाय जुनी तबकडी उघडायची नाही, हा नियम मला इथं पहिल्याच आठवड्यात सांगितला गेला. ओझरला आम्हाला हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

आणि साळुंक्या. आपल्याकडची साळुंकी एकोणिसाव्या शतकात मेलबर्नला आणून सोडली गेली, किडे खाईल म्हणून. ती इथली झाली. वसंत लागला की इंजिनाच्या आवरणात काड्या आणून कोंबते. काड्यांत ओल राहते, विष्ठेनं पत्रा खाल्ला जातो. प्रत्येक फटीला जाळी बसवायचं काम माझ्याकडे आहे. इथले लोक तिला ‘इंडियन मायना’ म्हणतात आणि तिच्यावर फार चिडतात. मला तिच्यावर चिडता येत नाही, पण जाळी मी घट्ट बसवतो.

विंजीलच्या शेजारी विरावे उभं आहे, त्याच्या आधीच्या पिढीतलं. दोन्ही मेलबर्नच्याच फिशरमन्स बेंड इथल्या कॉमनवेल्थ एअरक्राफ्ट कॉर्पोरेशननं बनवलेली. ही कंपनी १९३६ साली स्थापन झाली तेव्हा ऑस्ट्रेलियात आधुनिक धातूचं विमान मोठ्या संख्येनं बनवण्याचा कुणाला अनुभव नव्हता. लॉरेन्स वॅकेट यांच्या नेतृत्वाखाली अधिकारी युरोप आणि अमेरिका फिरून आले आणि त्यांनी एका अमेरिकन प्रशिक्षण विमानाचा नमुना निवडला. त्यावरून विरावे झालं; पहिलं १९३९ च्या मार्चमध्ये उडालं आणि १९४६ पर्यंत ७५५ झाली. त्याच अमेरिकन घराण्यातलं हार्वर्ड आपल्या हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी चालवलंय.

लहान मुलांचा एक ठरलेला प्रश्न असतो: ह्यानं किती विमानं पाडली? एकदा पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातल्या मुलानं मराठीत विचारला, त्यामुळे मला पूर्ण उत्तर देता आलं. विरावेनं एक पाडलं. १९४२ च्या २६ डिसेंबरला न्यू गिनीत गोनाजवळ जॅक आर्चर नावाच्या वैमानिकानं विरावेतून एक जपानी लढाऊ विमान पाडलं. ते विरावे आज कॅनबेराच्या युद्धस्मारकाच्या संग्रहात आहे. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत रबाउलवर शंभरावर जपानी विमानं चालून आली तेव्हा समोर जायला आठ विरावेच होती. शिकवायला बनवलेली विमानं लढायला पाठवावी लागली, कारण दुसरी नव्हतीच. बहुतेक सगळी पडली किंवा मोडली. मी मुलाला म्हटलं, बाळा, विरावेचा हिशेब पाडलेल्या विमानांत होत नाही. वॅगा, डेनिलिक्विन, युरान्क्विंटी अशा गावांच्या माळरानांवर या विमानांत बसून जी पोरं वैमानिक झाली, तो त्याचा हिशेब. मुलानं मग विंजीलकडे बोट केलं: आणि ह्यानं? एकही नाही, मी म्हटलं. अशी फक्त ६२ बनली, आणि वीस वर्षं इथल्या हवाई दलाचे वैमानिक त्यांच्यातून निघाले. मुलगा माझ्याबरोबर विंजीलभोवती फिरला. त्याचे आईवडील तोवर जेट विमानांपाशी जाऊन परत आले होते.

विंजील हे विरावेसारखं दुसऱ्याच्या नमुन्यावरून केलेलं नाही. त्याचा आराखडा इथलाच. पहिला नमुना उडाला १९५१ च्या फेब्रुवारीत. हे वर्ष वाचलं तेव्हा मी वही खाली ठेवली. १९५१ च्याच ऑगस्टमध्ये बंगळूरला आपलं एचटी-२ पहिल्यांदा उडालं होतं. भारतात आराखडा काढून बनवलेलं ते प्रशिक्षण विमान, आणि त्यामागे होते डॉ. विष्णु माधव घाटगे, जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. अप्रेंटिस असताना आम्हाला घाटगे यांचं नाव फार आदरानं ऐकवलं जायचं. एचटी-२ मी बंगळूरला जवळून पाहिलेलं आहे. छोटं, एकामागे एक दोन जागांचं, शेपटीखाली चाक असलेलं. आणि त्याच्याही मागं गेलं तर सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला जो कारखाना काढला, त्यातून सर्वांत आधी बाहेर पडलेलं हार्लो विमान, तेही प्रशिक्षणाचंच.

दोन देश, एकमेकांचा फारसा संबंध नसलेले, पण दोघांनी विमान बनवायला सुरुवात केली ती शिकाऊ विमानापासून. त्यात मला आता अर्थ दिसतो. शिकाऊ विमान बनवताना कारखानाही शिकत असतो. जिग कशी उभारायची, पत्रा किती उष्णतेवर मऊ करायचा, तपासनिसानं काय बघायचं, हे सगळं अशाच साध्या विमानावर कळतं. ओझरला मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांतले काही बंगळूरहून आलेले होते. त्यांचे हात अशाच कामावर तयार झाले होते.

आता मुख्य गोष्ट. विंजीलचा पहिला नमुना आणि नंतर बनलेली विमानं यांची छायाचित्रं शेजारी ठेवली तर शेपटी वेगळी दिसते. नंतरच्या विमानांत शेपटीचा उभा पंख पुढं सरकवलेला आहे. मला बरीच वर्षं वाटायचं की पहिल्या विमानात काही दोष असणार, ते अस्थिर असणार, म्हणून शेपटी बदलली. एका दुपारी एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत आले आणि विंजीलच्या शेपटीपाशी थांबले. ते पॉइंट कुकला प्रशिक्षक होते. पॉइंट कुक म्हणजे मेलबर्नच्या पश्चिमेला उपसागराच्या काठचा हवाई तळ. ऑस्ट्रेलियातलं पहिलं लष्करी उड्डाण १९१४ साली तिथून झालं. मी माझा अंदाज सांगितला. ते म्हणाले, उलटं होतं. ते विमान फार गुणी होतं. ते गिरकीत जायचंच नाही.

गिरकी म्हणजे स्पिन. विमानाचा वेग कमी होत होत इतका उतरतो की पंखांना हवा धरत नाही, म्हणजे स्टॉल होतो. त्याच वेळी विमान किंचित जरी एका बाजूला वळत असेल, तर एक पंख आधी कोसळतो आणि विमान गोल गोल फिरत खाली जाऊ लागतं. नवख्याला त्यात काही सुधरत नाही. जमीन समोर गरगरते आणि हात आपोआप स्टिक मागं ओढतात, म्हणजे नेमकं जे करायचं नसतं तेच. सुटका अशी: इंजिन मंद करायचं, गिरकीच्या विरुद्ध बाजूचा रडर पायानं पूर्ण दाबायचा, मग स्टिक पुढं न्यायची, म्हणजे जमीन समोर दिसत असताना नाक आणखी खाली घालायचं. फिरणं थांबलं की रडर सरळ करायचा आणि मग अलगद विमान वर काढायचं. हे पुस्तकात चार ओळींत मावतं. शरीराला पटायला मात्र ते खरोखर करावं लागतं, पुरेशा उंचीवर, शेजारी जाणता माणूस बसलेला असताना.

विंजीलचा पहिला नमुना इतका स्थिर होता की त्याला मुद्दाम गिरकीत घालणंच अवघड. कुणी म्हणेल, मग याहून सुरक्षित विमान कुठलं? हवाई दलाला तसं वाटलं नाही. या विमानातून निघालेली मुलं पुढं व्हँपायर जेटवर जाणार होती, आणि पुढची विमानं इतकी समजूतदार नसणार होती. ज्यानं गिरकी कधी पाहिलीच नाही, त्याची पहिली गिरकी तिथं होणार, कदाचित एकट्यानं, कदाचित कमी उंचीवर. म्हणून अभियंत्यांनी शेपटी बदलली, विमानाची स्थिरता थोडी कमी केली, ते गिरकीत जाऊ शकेल आणि सांगितल्यावर बाहेर येऊ शकेल असं केलं. हा आणि इतर बदल होऊन उत्पादनातलं पहिलं विंजील उडायला १९५५ साल उजाडलं.

मी त्या शेपटीखाली किती वेळा झोपलो होतो. तिचे रिव्हेट मी मोजले होते. पण ती शेपटी तशी का आहे हे मला त्या दिवशी कळलं. माझं सगळं आयुष्य विमानातून चूक काढून टाकण्यात गेलं होतं, आणि माझ्या समोर एक असं विमान होतं ज्यात माणसांनी विचारपूर्वक, मोजूनमापून, चुकायला जागा ठेवली होती. गावाकडे आमच्या काकांनी आम्हा पोरांना विहिरीत पोहायला शिकवलं तेव्हा पाठीला डबा बांधला होता. पण काही दिवसांनी त्यांनी डबा सोडला आणि स्वतः पाण्यात शेजारी राहिले. गटांगळी खाऊ दिली, बुडू दिलं नाही. प्रशिक्षकांशी बोलताना मला सारखे ते काका आठवत होते.

ते प्रशिक्षक त्यानंतरही येत राहिले. त्यांच्याकडून मी बरंच ऐकलं. सगळ्यांत अवघड काय, असं मी विचारलं तर म्हणाले, हात मांडीवर ठेवणं. शेजारी बसलेलं पोर चुकतंय हे दिसतंय, आपल्या समोरही तीच स्टिक आहे, तोच रडर आहे, आणि आपण अजून दोन क्षण थांबायचं. फार लवकर हात घातला तर पोराला कळत नाही की आपण स्वतः बाहेर आलो असतो की नाही. फार उशीर केला तर दोघंही जमिनीवर. तो मधला अवकाश ओळखायला त्यांना स्वतःला बरीच वर्षं लागली. विरावेत प्रशिक्षक आणि विद्यार्थी एकामागे एक, विंजीलमध्ये शेजारी. शेजारी असल्यानं त्यांना पोराचा चेहरा दिसे. कुणाचा जबडा आवळला जातो, कुणी श्वास घ्यायचा विसरतो, यावरून ते ठरवत की अजून थांबायचं की नाही.

मेलबर्नभोवतालच्या उड्डाणशाळांत भारतातली बरीच मुलंमुली शिकायला येतात. जळगावकडची एक मुलगी सुट्टीच्या दिवशी संग्रहालयात आली आणि माझ्या नावाची पाटी वाचून “काका, तुम्ही मराठी?” म्हणाली. तिचे वडील शेतकरी. तिच्या शिक्षणाला त्यांनी काय काय केलं ते तिनं सांगितलं, ते इथं लिहिणं योग्य नाही. ती त्या आठवड्यातल्या उड्डाणात गडबडली होती. स्टॉलच्या सरावात एक पंख खाली गेला आणि तिनं रडरऐवजी स्टिक बाजूला ओढली. प्रशिक्षकानं विमान हातात घेतलं. तेव्हापासून तिला रात्री झोप नव्हती. “आता मला सोडतील का पुढं?” हा तिचा प्रश्न.

मी काही वैमानिक नाही. तिला उडण्यातलं काही सांगायचा अधिकार मला नव्हता. मी तिला शेपटीपाशी नेलं आणि पहिल्या नमुन्याचं छायाचित्र दाखवून सांगितलं की हा पंख पुढं का आला. ती शेपटीकडे बघत म्हणाली, “म्हणजे शिकणाऱ्यानं चुकावं म्हणूनच केलंय?” मग परवानगी घेऊन मी तिला कॉकपिटमध्ये बसवलं. रडरच्या पायपट्ट्यांवरची जाळीदार नक्षी बुटांनी घासून गुळगुळीत झाली आहे, ती तिनं वाकून पाहिली. ती पाय ठेवून मोठ्यानं क्रम म्हणत बसली, इंजिन, रडर, स्टिक, आणि प्रत्येक वेळी पाय खरोखर दाबत होती. पुढं तिला परवाना मिळाला. तो तिच्या मेहनतीचा, यात माझा काही वाटा नाही. पण ती नंतर तिच्या बरोबरच्या मुलांना घेऊन आली आणि त्यांना आधी शेपटी दाखवली, याचा मला आनंद झाला.

त्या झिजलेल्या पायपट्ट्यांवरून एकदा आमच्यात वाद झाला. मध्यंतरी विंजील पुन्हा रंगवायचं ठरत होतं. रंग उडालाय, पंखावर चढताना जिथं बूट पडतात तिथला काळा खरखरीत पट्टा फाटलाय, कॉकपिटच्या कडेचा रंग हातांनी घासून धातू दिसतोय. बाहेरून बघणाऱ्याला ते दुर्लक्षित वाटतं, आणि देणगी देणाऱ्यांना चकचकीत विमान आवडतं, हेही खरं. रंगवण्याच्या बाजूनं बोलणारे लोक विमानावर माझ्याइतकंच प्रेम करणारे होते. मी बैठकीत सहसा बोलत नाही, माझं इंग्रजी थांबत थांबत येतं. त्या दिवशी मी बोललो. लढाऊ विमान नव्यासारखं करून ठेवा, मी म्हटलं, कारण त्याचं काम ते आकाशात करून आलं. शिकाऊ विमानाचं काम त्याच्या आतच झालं, माणसाच्या हातापायाखाली. ज्या कडेला धरून शेकडो घाबरलेली पोरं आत चढली, त्या कडेवर रंग मारला तर आपण काय दाखवतोय? पंखाची झीज झाकून त्यांची पावलं आपण पुसणार आहोत. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की गंज येईल त्या जागा तेवढ्या रंगवायच्या आणि चढण्याची जागा, कॉकपिटची कड आणि पायपट्ट्या यांना हात लावायचा नाही. कॉकपिटच्या कडेवर पारदर्शक मेण चढवतो, एवढंच.

वर्कशॉपचे जुने प्रमुख आता येत नाहीत, त्यांचे गुडघे गेले. त्यांच्या पिढीतले बरेच जण गेले. ही काळजी माझ्या एकट्याची नाही, इथल्या सगळ्या विमान संग्रहालयांची आहे: विमानं राहतील, पण पत्रा वळवणारे, रिव्हेट मारणारे, कापडाला डोपचा लेप लावणारे हात कुठून आणायचे? गेल्या वर्षापासून एक कॉलेजातला मुलगा आणि एक निवृत्त परिचारिका माझ्याकडे पत्र्याचं काम शिकतात. त्या बाईंचे हात मुलापेक्षा स्थिर आहेत.

मला शिकवलं गेलं तसं मी त्यांना शिकवत नाही. लाल पेन्सिल ठेवलेली नाही. भंगारातला पत्रा देतो आणि त्यावर हवी तितकी भोकं बिघडवा म्हणतो. रिव्हेट मारायला शिकवण्याआधी बिघडलेला रिव्हेट काढायला शिकवतो: डोक्याच्या बरोबर मधोमध पंच मारायचा, ड्रिल सरळ धरायचं, डोकं सुटेल इतकंच खोल जायचं, मग पंचानं दांडा बाहेर ढकलायचा, मूळ भोक वाढू द्यायचं नाही. यावर हात बसला की मगच गन देतो. ठोकळा मी स्वतः आतून धरतो. मुलाची गन अजून तिरकी जाते. ती तिरकी गेलेली मला ठोकळ्यावर आधीच कळते, पण मी टक करत नाही. रिव्हेट पुरता बसू देतो आणि त्याला स्वतः येऊन बघायला सांगतो. मागच्या आठवड्यात त्यानं एकाच पट्टीवरचे पाच रिव्हेट काढले आणि पाचही भोकं शाबूत ठेवली. आता त्याला विंजीलच्या एका तपासणी-झाकणाची चौकट द्यायला हरकत नाही.